मदत हवी आहे: लाइव्ह रॉकवर हे काय उगवलंय? उकळून काढू का?

मंडळी, मरीन टँकवाले कुणी असाल तर जरा बघा.

राजारामपुरीत राहते. हॉलमध्ये दोनशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, क्लाउनफिशची जोडी आणि पुण्याहून मागवलेले लाइव्ह रॉक (बारीक जीव वसलेले समुद्री दगड). त्यातल्या एका दगडाच्या कडेला तपकिरी गोल चकत्या उगवल्यात. शर्टाच्या बटणाएवढ्या, मधे हिरवट, कडेला आखूड मिशांची झालर. लाइट लागला की उघडतात, रात्री मिटतात. मासा घासून गेला की आक्रसतात, पण दगडात गायब होत नाहीत. बुडाशी सगळ्या एकाच जाडसर कातडीने जोडलेल्या दिसतात.

दुकानदार फोनवरच म्हणाला, "ॲप्टेशिया, म्हणजे ते उपद्रवी समुद्रफूल असणार, काढून टाका, नाहीतर टँकभर होईल." सासूबाईंचा उपाय त्याहून सोपा: दगड मोठ्या पातेल्यात घालून खळखळ उकळायचा, विषय संपला. मला मात्र जीव मारवत नाही, दिसायला देखणे आहेत हो. शिवाय भारतात कोरल (प्रवाळ) पाळणं बेकायदा आहे असं ऐकलंय, तेही डोक्यात आहे.

पाणी आरओचं, मीठ तयार मरीन सॉल्ट. खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २६, मे महिन्यात दुपारी २९ पर्यंत जातं. (रत्नागिरीहून कॅन भरून आणा असा सल्ला कृपया नको. पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि अळणी असतं.)

प्रतिसाद

ताई, आधी ते पातेलं जागेवर ठेवा!

वर्णनावरून झोअँथिड (प्रवाळांच्या नात्यातला, वसाहत करून राहणारा मऊ जीव) किंवा त्यांच्यातलाच पॅलिथोआ वाटतोय. ॲप्टेशिया सुटं सुटं उगवतं, मिशा लांब आणि काचेसारख्या, धक्का लागला की क्षणात भोकात. तुमचं बुडाशी जोडलेलं आहे म्हणजे ते नव्हे. भिंग घेऊन कातडी बघा. वाळूचे कण रुतलेले दिसले तर पॅलिथोआ धरा.

यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं, निसर्गातल्या अतिजहाल विषांपैकी एक. असे दगड उकळल्यावर वाफ छातीत जाऊन घरातली माणसं दवाखान्यात भरती झाल्याच्या नोंदी परदेशात आहेत. खोकला, धाप, ताप, तोंडाला धातूची चव, अशी लक्षणं. म्हणून उकळणं, गरम पाणी ओतणं, ब्रशने घासणं, सुरीने खरवडणं सगळं बाद. टँकमध्ये हात घालताना कोपरापर्यंतचे हातमोजे आणि चष्मा. बोटाला चीर असेल त्या दिवशी हात घालूच नका.

कायद्याचं म्हणाल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे येतात. झोअँथिड चुन्याचा सांगाडा बांधत नाही, त्यामुळे ते दगडी प्रवाळ नव्हे. मला काळजी दगडाची आहे. तो स्वतःच मेलेल्या प्रवाळाचा तुकडा असेल तर? मेलेलं प्रवाळही कायद्यातून सुटत नाही. माल कुठून आला ते दुकानदाराला विचारा आणि पक्कं बिल मागा.

धागाकर्ती

भिंगाने बघितलं, वाळू आहे! सासूबाईंना विषाचं सांगितलं, तर आता त्या टँकजवळूनही जाईनात. ठेवायचं म्हटलं तर खायला काय घालू?

प्रतिसाद

वेगळं काही नको. अंगातली शैवालं उजेडावर अन्न बनवतात, माशांचं उरलंसुरलं वरून मिळतं. लाइट मध्यम, प्रवाह मंद. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) ८ ते ९ डीकेएच (तिचं माप) राहिली की पुरे, पण ती रोज खालीवर होऊ देऊ नका. उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा सोडा, दोन-तीन अंश सहज उतरतात. त्याने पाणी आटेल, ते साध्या आरओने भरा, खाऱ्याने नाही. मीठ उडत नाही. माशांना ठिपके आले म्हणून तांब्याचं औषध टँकमध्ये ओतू नका, हे जीव मरतील. मासे वेगळ्या टबात काढून उपचार करा.

आणि तो दगड बाकीच्यांपासून वीतभर लांब, वाळूवर एकटा ठेवा. पसरला तरी तिथेच पसरेल. हलवताना हातमोजे!