मदत हवी आहे: फोरके डिस्कवर काळं करडं दिसतंय आणि संवाद दबलेत

पडदानशीन:
एका गाजलेल्या अ‍ॅक्शनपटाची फोरके डिस्क आहे. रात्रीच्या प्रसंगांत काळा रंग धुरकट, करडा दिसतो. संवाद पुटपुटल्यासारखे आणि स्फोट कानठळ्या बसवणारे, त्यामुळे रिमोट हातातून सुटत नाही. डिस्कच टाकाऊ आहे की जोडणीत चुकतंय, हे कसं ओळखायचं?
सामान: ६५ इंची ओलेड टीव्ही, फोरके ब्लू-रे प्लेअर, ५.१.२ रिसीव्हर (पाच स्पीकर, एक सबवूफर, दोन उंचीचे स्पीकर). प्लेअर टीव्हीला जोडलाय, टीव्हीतून आवाज आर्कने (एचडीएमआय केबलमधून उलट दिशेने) रिसीव्हरला.

बारीकनजर:
आधी वरखालच्या काळ्या पट्ट्या बघा. दिवे बंद करा, रात्रीचा प्रसंग पॉज करा. पट्ट्यासुद्धा करड्या दिसत असतील तर डिस्कचा काही दोष नाही. पट्टी म्हणजे सिग्नलमधला शुद्ध काळा. ओलेडवर तिथले पिक्सेल विझलेच पाहिजेत. विझत नाहीत म्हणजे रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची आकड्यांची मोजणी) जुळत नाही: ८ बिटांच्या भाषेत प्लेअर काळा १६ वर पाठवतोय आणि टीव्ही ० ला काळा धरून बसलाय. प्लेअरचं आउटपुट वायसीबीसीआर (रंग पाठवण्याची एक पद्धत) ठेवा आणि टीव्हीत त्या पोर्टची ब्लॅक लेव्हल लिमिटेड करा, काही टीव्हींत हिलाच 'लो' म्हणतात. उलटी गफलत झाली तर काळा कोट, केस आणि सावली सगळं एकाच डागात बुडतं.

पट्ट्या ठार काळ्या आणि फक्त दृश्यातल्या सावल्या करड्या असतील तर ते ग्रेडिंगच (सिनेमाकर्त्यांनी ठरवलेले रंग आणि उजेड) तसं आहे. आवडो न आवडो, ब्राइटनेस उतरवून ते 'सुधारायला' जाऊ नका, सावलीतला तपशील जाईल.

डिस्क सुरू होताना टीव्हीवर एचडीआर (जास्त उजेड आणि रंगांचं चित्र) किंवा त्याचाच प्रकार असलेल्या डॉल्बी व्हिजनची खूण उमटते ना? नसेल तर पोर्ट 'एन्हान्स्ड' केलेला नाही किंवा केबल सेकंदाला १८ गिगाबिट झेपवत नाही. अशा वेळी प्लेअर गुपचूप एसडीआर (साधं चित्र) करून पाठवतो.

हे सगळं जागेवर आल्यावरच डिस्कला गुण द्या. मोशन स्मूदिंग (टीव्हीने मध्ये फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करणं) बंद हवं. मग चेहऱ्याचा जवळचा शॉट पॉज करून एकेक फ्रेम पुढे सरका. सिनेमा फिल्मवर चित्रित असेल तर ग्रेनची (फिल्मच्या बारीक कणांची) नक्षी दर फ्रेमला बदलायला हवी. ती भिंतीवर चिकटून राहिली, गाल मेणासारखे झाले, तर नॉइज रिडक्शनचा (कण पुसणाऱ्या प्रक्रियेचा) हात फिरलाय. धुक्यातला टॉर्चचा झोत किंवा मावळतीचं आकाश पाहा: पायऱ्या दिसल्या तर बँडिंग. फोरके डिस्क १० बिटांची, म्हणजे प्रत्येक रंगाला १०२४ छटा. तरी पायऱ्या दिसल्या तर प्लेअर ८ बिटांवर अडकला नाही ना, ते आधी तपासा.

आणि 'फोरके असून तपशील वाढला नाही' ही तक्रार नेहमीची. व्हीएफएक्सने (संगणकी दृश्यांनी) भरलेले बरेच सिनेमे २०४८ पिक्सेल रुंदीवर पूर्ण होतात आणि डिस्कसाठी ताणले जातात. तिथे फायदा रंग आणि उजेडात शोधायचा.

खर्जातला:
आवाजाचं मूळ तुमच्या आर्कमध्ये आहे. साध्या आर्कमधून डॉल्बी ट्रूएचडी (डिस्कवरचा दर्जा न घटवलेला ट्रॅक) जातच नाही, त्याला ईआर्क ही आर्कची सुधारित आवृत्ती लागते. तुम्ही ऐकताय तो बहुधा ट्रूएचडीसोबत दिलेला साधा डॉल्बी डिजिटल ट्रॅक, जास्तीत जास्त ६४० केबीपीएस. प्लेअर थेट रिसीव्हरला लावा, तिथून टीव्हीला. रिसीव्हर एचडीआर पुढे पाठवू शकत नसेल आणि प्लेअरला फक्त आवाजाचं दुसरं एचडीएमआय असेल तर ते वापरा.

संवादांसाठी: रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल', क्रॉसओव्हर (ज्याखालचा खर्ज सबवूफरला जातो) ८० हर्ट्झ, टेस्ट टोनवर प्रत्येक स्पीकर बसायच्या जागी ७५ डेसिबल. आवाज मोजायच्या मीटरची सेटिंग सी-वेटिंग, स्लो. एवढ्यानेच बहुतेकदा शब्द कळू लागतात, नाहीतर सेंटर २ डेसिबल चढवा. रात्री हळू आवाजात बघायचं असेल तर डायनॅमिक रेंज कम्प्रेशन (हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी करणं) चालू करायला हरकत नाही, पण डिस्कची परीक्षा घेताना बंद. 'ऑटो'वरही नको, ट्रूएचडीला ते नकळत लागू होतं.

स्ट्रीमिंगशी तुलना करणार असाल तर एकच संवाद दोन्हीकडे मीटरवर समान करून घ्या. डायलनॉर्ममुळे (संवादांच्या पातळीनुसार आवाज आपोआप कमी करणारी ट्रॅकमधली नोंद) ४ डेसिबलचा फरक सहज पडतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमी 'चांगला' वाटतो. निम्मी भांडणं इथेच मिटतील.

पडदानशीन:
पट्ट्या करड्याच होत्या! ब्लॅक लेव्हल बदलल्यावर अंधारात दिसेनाशा झाल्या. प्लेअर थेट रिसीव्हरला लावला, संवाद स्पष्ट झाले. पण रिसीव्हरच्या डिस्प्लेवर 'मल्टिचॅनेल पीसीएम' येतंय. डिस्कच्या वेष्टनावर तर अ‍ॅटमॉस (उंचीचे स्पीकरही वापरणारा आवाज) लिहिलंय.

खर्जातला:
प्लेअरमध्ये 'सेकंडरी ऑडिओ' किंवा 'बीडी ऑडिओ मिक्स' चालू असणार. मेन्यूचे टिकटिक आवाज मिसळण्यासाठी प्लेअर ट्रॅक स्वतःच उलगडतो आणि त्यात उंचीच्या स्पीकरांची माहिती गळते. ते बंद करा, आउटपुट 'बिटस्ट्रीम' (ट्रॅक न उलगडता रिसीव्हरला) ठेवा. शिवाय डिस्कच्या मेन्यूत ट्रॅकही तपासा, काही डिस्क आपण होऊन ५.१ वर सुरू होतात.