बाटलीचं काय केलंत? वर्षभर टिकलेल्या वस्तूंचा अनुभव धागा

गेल्या महिन्यात माळा आवरायला काढला आणि प्लॅस्टिकच्या बाटल्यांनी भरलेली एक गोणी सापडली. आईने जमवलेली. 'कशाला तरी लागतील' म्हणून तिने एकही टाकली नव्हती. गोणीशेजारीच मी आठ वर्षांपूर्वी तसल्याच बाटल्या रंगवून केलेल्या तीन फुलदाण्या होत्या. रंगाचे पोपडे सुटले होते आणि आरसे गळले होते. भंगारवाल्या दादांनी गोणी वजन करून घेतली, फुलदाण्या मात्र बाजूला ठेवल्या. "ताई, याला रंग लागलाय, डिंक लागलाय. हे आमच्याकडं चालत नाही."

तेव्हापासून ते वाक्य डोक्यात आहे. आईच्या स्वच्छ बाटल्यांचा पुढे पॉलिएस्टरचा धागा तरी होईल. माझ्या हौसेच्या फुलदाण्या थेट डम्पिंगला जाणार. म्हणून हा धागा काढतेय. बाटल्यांपासून केलेलं जे जे निदान वर्षभर तुमच्या घरात रोजच्या वापरात आहे, ते लिहा. फसलं असेल तर तेही लिहा, त्यातून जास्त शिकायला मिळतं.

माझ्याकडून सुरुवात. बाटलीची मान झाकणासकट, खाली साधारण दोन इंच ठेवून कापायची. पोह्याची किंवा रव्याची फोडलेली पिशवी त्या मानेतून आतून वर ओढायची, तिची कड बाहेरून आट्यांवर दुमडायची आणि वर झाकण फिरवायचं. मुंग्या जात नाहीत, दमटपणा येत नाही, ओतायलाही सोपं. कापलेली कड मात्र पॉलिश पेपरने घासा, नाहीतर तिथेच पिशवी फाटते. माझ्याकडे अशा सहा माना तीन वर्षं चालू आहेत. पिशव्या बदलल्या, माना त्याच.

मिरजेहून

आम्ही दोघं दर मे महिन्यात पंधरवडाभर मुलीकडे जातो. लागोपाठ दोन वर्षं परत आलो तेव्हा वृंदावनातली तुळस वाळलेली. शेजाऱ्यांना किती सांगणार? तिसऱ्या वर्षी दोन लिटरची बाटली कापली. वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवला, झाकणाला तापलेल्या खिळ्याने भोक पाडून त्यातून नाडी सोडली. वर माती आणि तुळशीचं रोप, खाली पाणी.

पहिला प्रयत्न फसला. नाडी नायलॉनची होती, ती पाणी ओढतच नाही. परकराची जुनी सुती नाडी लावली तेव्हा जमलं. ती आधी भिजवून घ्यायची आणि वरचं टोक मातीत निम्म्यापर्यंत वेटोळं करून ठेवायचं. दुसरी चूक मातीची. आमची काळी माती इतकी चिकट, की ओल धरून बसली आणि मुळं कुजली. आता निम्मी माती, निम्मा कोकोपीट. पारदर्शक बाटलीत पाणी उजेडात राहिलं की शेवाळ धरतं, म्हणून बाहेरून जुन्या चादरीची पट्टी गुंडाळली आहे. खालच्या भागात पाऊण लिटरच्या आसपास पाणी मावतं. मे महिन्यात ते आठ-नऊ दिवस पुरतं, म्हणून जाताना दोन बाटल्यांत दोन रोपं ठेवतो आणि आठवड्याने एकदा भाच्याला चक्कर मारायला सांगतो. आधी रोज सांगावं लागायचं.

ठाण्याहून

मिरजेच्या काकांचं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. काका, खालचं पाणी जपा. आमच्या गॅलरीत अशाच बारा कुंड्या होत्या. पुदिना, ओवा, मनीप्लांट. दिसायला इतक्या छान, की सोसायटीतल्या बायका बघायला यायच्या. पावसाळ्यात आरोग्य खात्याच्या ताई बॅटरी घेऊन तपासणीला आल्या आणि चार बाटल्यांत अळ्या निघाल्या. बॅटरीचा झोत पडताच त्या वळवळत तळाशी जात होत्या. मी रोज त्यांच्या शेजारी उभी राहून चहा पीत होते आणि मला दिसल्या नव्हत्या. त्याच आठवड्यात धाकट्याला डेंग्यू झाला. तो याच डासांमुळे झाला असं म्हणता येणार नाही, पण माझी झोप उडाली.

ताईंनी सांगितलेलं सगळ्यांसाठी लिहिते. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण ओतून द्यायचं. नुसतं ओतूनही भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात, म्हणून आतून घासायचं. वरचा आणि खालचा भाग जिथे जुळतो ती फट मी आता चिंधीने घट्ट बुजवते. बाराच्या पाच कुंड्या केल्या. दर रविवारी मनापासून घासून होतील तेवढ्याच ठेवल्या.

(धागाकर्ती: ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मिरजेच्या काकांनी मला कळवलंय, की परवाच त्यांनी दोन्ही बाटल्या घासल्या.)

नाशिकहून, कलाशिक्षिका

रंगाबद्दल सगळे विचारतात म्हणून आधी तेच सांगते. या प्लॅस्टिकवर ॲक्रिलिक सरळ लावलं तर नखाने निघतं. आधी बाटली पॉलिश पेपरने घासून पांढुरकी करायची, मग फेव्हिकॉल आणि पांढरा रंग मिसळून एक पातळ हात द्यायचा, तो पूर्ण वाळला की रंग. असं केलं तर टिकतो. पण इतकी वर्षं शिकवून मी आता या मताला आले आहे, की रंगवूच नये. रंगवली की त्या बाटलीचा पुढचा रस्ता बंद.

त्यापेक्षा तिचा आकार वापरा. कोल्ड्रिंकची बाटली उलटी करून बघा. तळाला पाच फुगवटे असतात. आतल्या वायूचा दाब सोसावा म्हणून ते तसे केलेले असतात. साध्या पाण्याच्या बाटलीला ते नसतात, कारण तिथे दाब नाही. त्या तळाला रंग लावून कापडावर टेकवला की पाच पाकळ्यांचं फूल उमटतं, मध्ये एक बारीक ठिपका. अगदी नेमकं, दर वेळी तसंच. माझ्या वर्गातल्या मुलांनी जुन्या चादरींवर असे ठसे मारून वर्गाचे पडदे केले. ते तीन वर्षं लटकताहेत. रंग ओला असतानाच बाटली धुतली, बाटलीही स्वच्छ राहिली.

आकाशकंदीलही करतो. कापलेले तळ बारीक तारेने बांधून गोल. डिंक अजिबात नाही, त्यामुळे सुटे करून चपटे ठेवता येतात. चार दिवाळ्या झाल्या. आत फक्त एलईडीची माळ. पणती किंवा तापणारा बल्ब चुकूनही नको, सत्तर अंशांच्या आसपास हे प्लॅस्टिक मऊ पडायला लागतं.

एक गोष्ट मनाला लागली ती सांगते. एकदा मी मुलांना 'उद्या प्रत्येकी पाच बाटल्या आणा' असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कळलं, की चार-पाच घरांत पाण्याच्या नव्या बाटल्या विकत आणून पाणी बेसिनमध्ये ओतलं होतं. चूक पालकांची नव्हती, एका रात्रीत त्या बिचाऱ्यांनी कुठून आणाव्यात? तेव्हापासून मी महिनाभर आधी सांगते आणि 'घरात असतील तेवढ्याच' असं वहीत लिहून देते. ज्याच्याकडे एकही नसते, त्याला मी शाबासकी देते.

करमाळा तालुक्यातून

आमच्या गोठ्यावर पत्रा आहे. भर दुपारीसुद्धा आत काळोख असायचा. ब्राझीलमधल्या आल्फ्रेदो मोझर नावाच्या मेकॅनिकने २००२ मध्ये पाण्याच्या बाटलीचा दिवा केला हे वाचलं होतं. पुढे तो फिलिपिन्समध्ये हजारो घरांवर बसला. म्हटलं करून बघू.

दोन लिटरची बिनरंगाची बाटली. तिच्यात गाळलेलं पाणी आणि शेवाळ धरू नये म्हणून दोन झाकणं ब्लिच. पत्र्याला बाटलीच्या मापाचं भोक पाडायचं. बाटली एक तृतीयांश वर आणि बाकीची आत. वरच्या भागावर ऊन पडतं आणि पाण्यातून ते आत चौफेर पसरतं. पहिली बसवली तेव्हा वडील खाली उभे होते. वरून बाटली भोकात सरकली आणि गव्हाणीतली वैरणीची काडीन् काडी दिसायला लागली. वडील काही बोलले नाहीत, नुसते वर बघत राहिले. मग म्हणाले, "त्या कोपऱ्यात पण एक बसीव."

खरं ते सांगतो. धार काढायची वेळ पहाटेची आणि दिवेलागणीची. तेव्हा याचा काडीचा उपयोग नाही. दिवसा शेण काढायला, वैरण टाकायला आणि जनावराला जखम झाली तर बघायला उपयोग होतो. आणि पहिल्याच पावसाळ्यात गळती लागली. भोकाभोवती लांबी (पुट्टी) भरली होती, पत्रा तापून-निवून ती तडकली. आता बाटलीला पत्र्याच्या तुकड्याची कॉलर केली, ती पत्र्यावर रिव्हेटने बसवली आणि सांध्यात सिलिकॉन भरलं. झाकणावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला, नाहीतर उन्हाने झाकण फुटतं. चार बाटल्या, तिसरं वर्ष. पाणी वर्षातून एकदा बदलतो.

श्टुटगार्ट, जर्मनीहून

इथे बाटली कापायला हातच उचलत नाही. विकत घेतानाच पंचवीस सेंट अनामत द्यावी लागते आणि रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये घातली की ती परत मिळते. २००३ पासून ही पद्धत आहे आणि २०२२ पासून रस-सरबतांच्या बाटल्याही त्यात आल्या. चेपलेली, लेबल निघालेली बाटली मशीन परत फेकतं. माझ्या मुलाला आजीने व्हिडिओ कॉलवर बाटलीची गुल्लक शिकवली, तर तो म्हणाला, "आजी, पण हिचे पैसे मिळतात ना!" शेवटी शाम्पूच्या बाटलीची केली, तिला अनामत नसते. झाकणांचे खेळही मागे पडले, कारण जुलै २०२४ पासून युरोपात झाकण बाटलीला जोडलेलंच असावं लागतं. गंमत म्हणजे शाम्पूचं प्लॅस्टिक जास्त चिवट. त्याच बाटलीचा मागचा भाग उंच ठेवून मोबाईलचा खिसा केलाय, चार्जरच्या पिनेवर अडकवतो. ते आजीचंच डोकं.

रत्नागिरीहून

बागायतदारांच्या घरची गोष्ट. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा फळमाशीसाठीचा रक्षक सापळा आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्याच धर्तीवर आम्ही घरच्या बाटलीचे सापळे करतो. बाजूंना बोट जाईल एवढी भोकं, आत तारेला टांगलेला मिथिल युजेनॉलचा बोळा. आंब्यातली फळमाशी, तिचा नर, त्या वासाला येतो. परसातल्या पडवळ-काकडीला मात्र हा बोळा चालत नाही, तिथली माशी वेगळी, तिला क्यू ल्यूर नावाचं दुसरं आमिष लागतं. पहिल्या वर्षी हे माहीत नव्हतं आणि पडवळं सगळी किडली.

बाकी पाच लिटरचा तेलाचा कॅन मुठीसकट तिरका कापून होडीतलं पाणी उपसायला आहे. किती वर्षं झाली मोजली नाहीत.

अकोल्याहून

उन्हाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. गच्चीवर पाखरांसाठी बाटल्या कापून पाणी ठेवलं होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात उचलायला गेलो तर एक हातातच तडकली, बारीक कपच्या खाली पडल्या. त्या वेचताना जाणवलं, की आधी एक बाटली होती, आता शंभर तुकडे आहेत आणि ते पावसासोबत नालीत जाणार. आता पाखरांना मातीचं परळ, बाटल्या फक्त सावलीत.

पुण्याहून

दोन बाटल्यांचे तळ आणि मध्ये शिवलेली चेन. माझा शिवणाचा डबा. कापलेली कड कोमट इस्त्रीवर क्षणभर टेकवली की आत वळते आणि हाताला लागत नाही. इस्त्रीवर बटर पेपर ठेवा. भोकं दाभणाने पाडा. ग्लू गनच्या नादाला लागू नका, पातळ बाटली त्या उष्णतेने वाकडी होते आणि चेन बसत नाही.

साताऱ्याहून

माझी वस्तू अगदी लहान आहे. आईला सहा वर्षांपासून कंपवात आहे. चिमटीत रांगोळी धरली की ती सगळीकडे सांडते. चातुर्मासात रोज तेहतीस गोपद्मं काढायचा तिचा नेम, लग्न झाल्यापासूनचा. ज्या वर्षी हात थरथरायला लागले, त्या वर्षी तिने तिसऱ्या दिवशी पाट उचलून ठेवला आणि कोणाला काही सांगितलं नाही.

अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या झाकणाला तापलेल्या सुईने भोक पाडलं, आत वस्त्रगाळ रांगोळी भरली. ती कोरडी हवी, जराही दमट असली तर भोक बुजतं. आई बाटली दोन्ही हातांनी धरते. बाटली मुठीत भरून येते, त्यामुळे हात चिमटीपेक्षा कमी हलतो, आणि जो हलतो त्यानेच रांगोळी झरझर उतरते. दाबावं लागत नाही. पहिल्या दिवशी अकरा झाली. आठवड्याने तेहतीस. रेषा किंचित थरथरलेल्या असतात, पण पाऊल कळतं.

आता वापरून वापरून भोक मोठं झालंय आणि रेघ जाड पडते. नवीन झाकण करायला घेतलंय. सुई कितव्या नंबरची घ्यावी, कोणाला अंदाज आहे का? मागच्या वेळी मी गोधडीची सुई वापरली होती.