शब्दचर्चा : हमार्शिया म्हणजे ‘दोष’ की ‘प्रमाद’?

प्रश्न : आर्थर मिलरच्या ‘अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज’ या नाटकावर लिहितोय. हमार्शियाला, म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलच्या मते ट्रॅजेडीचा नायक ज्यामुळे कोसळतो त्या गोष्टीला, मराठीत ‘शोकात्म दोष’ म्हणतात असं वाचलं, पण नायक एडी कार्बोनचा नेमका दोष कोणता ते ठरेना. संशय? अहंकार?

– घोळ ‘दोष’ या शब्दानेच घातलाय. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ नेम चुकणं. होमरकडे भाला हुकतो तेव्हा तेच येतं. अ‍ॅरिस्टॉटल स्वभावातली खोट शोधत बसत नाही. माणूस दुष्टपणामुळे नाही तर एखाद्या चुकीमुळे कोसळतो, एवढंच म्हणतो आणि ईडिपसचं नाव घेतो. म्हणून ‘प्रमाद’ बरा. ‘पाप’ मात्र नको, तो अर्थ नव्या करारातला.

– मग सरळ आहे की! बायकोच्या लपवलेल्या नातलगांची इमिग्रेशनकडे चुगली करणं, हाच एडीचा प्रमाद.

– नाही पटत. फोन तो समजून-उमजून करतो. अशी चुगली करणाऱ्या व्हिनी नावाच्या पोराचे त्याच्याच घरच्यांनी काय हाल केले, ते पहिल्या अंकात बायकोची भाची कॅथरीन हिला ऐकवताना हा स्वतःच हजर असतो. ब्रुकलिनमधल्या रेड हूकच्या गोदीतल्या माणसाला याहून जास्त काय सांगायचं? नेम त्याआधीच चुकलाय. या भाचीवरची माया भलत्याच वळणाला गेली, हे त्याला दिसत नाही. ईडिपसला समोरची बाई आपली आई आहे हे माहीत नव्हतं; एडीला मुलगी कोण ते पक्कं माहीत आहे, ठाऊक नाही ते स्वतःचं मन. माझ्या मते मिलरची खरी करामत इथे आहे.

– आणि अनाग्नोरिसिस, म्हणजे ओळख पटण्याचा क्षण? त्याला ‘अभिज्ञान’ चालेल ना? शाकुंतलात अंगठीवरून ओळख पटते, तशी होमरच्या ओडिसियसची पायावरच्या खुणेवरून.

– उत्तम शब्द. फक्त एडीला ते अभिज्ञान होतच नाही. बायको बिअ‍ॅट्रिस शेवटी तोंडावर सांगते, तरी तो झिडकारतो आणि लपवलेल्या नातलगांपैकी मार्कोकडून आपलं ‘नाव’ परत मागायला बाहेर पडतो. कळतं ते इतरांना, वकील अल्फिएरीलाही. ग्रीक कोरसची जागा त्याचीच; बघतो, बोलतो, थांबवू शकत नाही.

जाता जाता : ‘शोकांतिका’ऐवजी ‘शोकात्मिका’ लिहा. युरिपिडीजच्या ‘टॉरिसमधली इफिजेनिया’त भावाचा बळी जाण्याआधी बहीण त्याला ओळखते आणि दोघं सुटतात. तरी ती ट्रॅजेडीच. शिवाय ‘शोकांतिका’ आपण बसची वेळ चुकली तरी वापरतो.

– आभार. पेरिपेतेइआला, म्हणजे ट्रॅजेडीत घटना उलटण्याला, ‘कलाटणी’ लिहू?

– कलाटणी रहस्यकथेतही असते. इथे केलेली गोष्टच उलटली पाहिजे. कॉरिंथचा दूत ईडिपसची भीती घालवायला येतो आणि त्याच्याच बोलण्याने सगळं उघड व्हायला लागतं. एडी कॅथरीन दुरावू नये म्हणून फोन करतो, आणि त्याच फोनने ती कायमची दुरावते. मी ‘विपर्यय’ लिहीन, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ देऊन.