'ट्रॅव्हल' म्हणजे मुळात छळ? वर्गात व्युत्पत्ती सांगावी का?

शब्दवेडी: इंग्रजी शब्द घोकून घेण्यापेक्षा त्यांची कुळकथा सांगा, पोरं विसरत नाहीत. 'अराइव्ह'मागे लॅटिनमधला 'काठ' आहे, म्हणजे मुळात काठाला लागणं. 'जर्नी' फ्रेंचमधून आला, एका दिवसाची मजल. 'ट्रॅव्हल' निघाला 'ट्रव्हेल'पासून, म्हणजे कष्ट. त्याच्याही मागे 'ट्रिपालियम', तीन खांबांचं छळयंत्र. विरार लोकलवाल्यांना हे वेगळं समजावायला नको! आणि रमतगमत चालणारा 'सॉन्टर' आला फ्रेंच 'सँत तेर' म्हणजे 'पवित्र भूमी'वरून. पवित्र भूमीला निघाल्याचं सांगून भीक मागत हिंडणारे लोक.

खडूस मास्तर: शेवटची गोष्ट बाद. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५च्या इंग्रजी कोशात ती आहे, अमेरिकन लेखक थोरोनेही 'वॉकिंग' निबंधात रंगवून सांगितली, म्हणून पसरली. आजचे कोशकार मूळ अनिश्चित म्हणतात. 'ट्रव्हेल'पर्यंत ठीक, पण ट्रिपालियमवरही वाद आहे. आणि मूळ कळलं म्हणून अर्थ कळतो हे कुणी सांगितलं? 'वॉक' जुन्या इंग्रजीत लोळणं, हेलकावणं अशा अर्थाचा होता. आठवीच्या पोराने त्याचं काय करायचं?

उनाड पाय: मास्तर, त्याच 'वॉक'मधून वॉकर आडनाव आलं! ओलं लोकरी कापड घट्ट व्हावं म्हणून पायांनी तुडवणारे ते वॉकर. हे ऐकल्यावर कोण विसरेल? यात्रेकरूच हवे असतील तर 'कँटर' घ्या. इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या यात्रेला निघालेल्यांच्या घोड्यांची संथ दौड. ही खरी आहे.

खडूस मास्तर: लक्षात काय राहतं? कापड. 'वॉक' आणि 'सॉन्टर' कुठे वापरायचा, हे वाक्यं वाचूनच येतं.

शब्दवेडी: मग 'गो'चं 'वेंट' का, असं पोराने विचारलं तर 'पाठ कर' म्हणायचं? 'वेंट' हा मुळात 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ. आपलं 'जातो'–'गेला' तरी कुठे एका धातूचं आहे? हे सांगितलं की इंग्रजी विचित्र वाटत नाही.

खडूस मास्तर: हे मात्र शिकवावं. त्यात भाषेची रीत दिसते. सॉन्टरसारख्या कथा नकोत.

शब्दवेडी: मी तीही सांगणार, 'अशी दंतकथा आहे' असं म्हणून.

खडूस मास्तर: पोरं 'दंतकथा' तेवढं विसरतात, बाई. पेपर मी तपासतो.