फ्रेंच इमर्शन: मुलं तिथे हुशार होतात की हुशार मुलंच तिथे उरतात?

ऑटव्याची आई:
लेकीला पहिलीपासून फ्रेंच इमर्शनला, म्हणजे बरेचसे विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गाला, घालायचं जवळजवळ ठरलंय. घरी मराठी, मैदानात इंग्रजी, शाळेत फ्रेंच. सासूबाई म्हणतात, "दोन डगरींवर पाय ठेवणारा पडतो, हिला तुम्ही तिसरी शोधलीत!" मला ती भीती वाटत नाही. १९६५ साली माँट्रिऑलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या आईबापांनी शाळेच्या मागे लागून बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकवणं सुरू करून घेतलं. मॅकगिल विद्यापीठाच्या लॅम्बर्ट आणि टकर यांनी ती मुलं वर्षानुवर्षं तपासली. सुरुवातीला इंग्रजी वाचनात मागे, पण शाळेत इंग्रजीचे तास सुरू झाल्यावर भरून निघालं. गणितही मागे पडलं नाही.

शंकेखोर:
ताई, निवडलेल्या तांदळात खडा लागला नाही, याचं श्रेय कुकरला देऊ नका. इमर्शनला बहुतेक शिकलेल्या, हौशी पालकांची मुलं जातात. जे अडखळतं त्याला गोड बोलून इंग्रजी वर्गात हलवतात. माझा मुलगा तिसरीत अडखळत वाचायचा. त्याला फ्रेंचमधून शिकवणारी विशेष शिक्षिका शाळेत नव्हती, म्हणून तो बाहेर. उरलेल्या वर्गाची सरासरी वाढणारच की!

निवांत:
मुलाचं वाईट वाटलं. पण तांदळाचा मुद्दा ओरेगनच्या पोर्टलंडमध्ये तपासून झालाय. तिथे द्वैभाषिक वर्गांच्या जागा लॉटरीने देतात. नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं ताडून पाहिली (२०१७ साली प्रसिद्ध झालं), तर लागलेली इंग्रजी वाचनात पाचवीत सुमारे ७ महिने आणि आठवीत ९ महिने पुढे.

शंकेखोर:
आणि गणित-विज्ञानात? ठळक फरक नाही, हे गाळलंत. शिवाय लॉटरीचा अर्ज तरी कोण भरतं? तेच हौशी पालक.

निवांत:
शाळेचा बराच वेळ परक्या भाषेत शिकून फरक न पडणं मला तरी पुष्कळ वाटतं.

मास्तर सातारकर:
आमच्याकडे सेमी आहे. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. पोरं 'डिनॉमिनेटर' घडाघडा म्हणतात, छेद दाखव म्हटलं की गप्प. शाब्दिक उदाहरणात तर प्रश्नच कळत नाही, गणित दूरच. सेंट लँबर्टच्या पोरांची इंग्रजी घरची होती, ती कुठे जाणार होती? आमच्या पोराला इंग्रजी भेटते ती तासापुरती. कॅनडाचे आकडे दाखवून सेमीचे प्रवेश वाढवतात, त्याची चीड येते.

ऑटव्याची आई:
मास्तर, हे मलाही लागलं. माझ्या लेकीची घरची भाषा शाळेतल्या दोन्हींपैकी एकही नाही. टोरांटोचे भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स म्हणतात की खेळण्याबोलण्यापुरती भाषा दोनेक वर्षांत येते, पुस्तकी भाषेला पाच ते सात वर्षं लागतात, आणि घरच्या भाषेचा पाया पक्का असला तर पुढचं सोपं जातं. म्हणजे संध्याकाळचं मराठी वाचन सोडायचं नाही.

शंकेखोर:
आणि त्या संध्याकाळी फ्रेंचचा गृहपाठ कोण घेणार? तुम्हाला येतं?

ऑटव्याची आई:
नाही. ते मात्र खरं. अर्ज शुक्रवारपर्यंत आहे. तुमचा मुलगा आता कसा आहे?

शंकेखोर:
सातवीत आहे. झकास वाचतो. फ्रेंच हॉकीतल्या शिव्यांपुरतं उरलंय.