मदत हवी आहे: झोंबीपटातली भोकं आणि परदेशी शिक्षणाचं कोटेशन

नमस्कार मंडळी. धाग्याचं नाव वाचून हसू नका, दोन्ही दुखणी एकाच घरातली आहेत.

माझं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. थोरली मुलगी मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी. झाली. आता साथरोगशास्त्रात एम.एस्सी. करायला इंग्लंडला जायचं म्हणते, एक वर्षाचा कोर्स. अर्जासोबत ‘हाच विषय का’ यावर निबंध द्यायचा असतो. तो तिनं झोंबीपासून सुरू केलाय.

तिचं म्हणणं असं. मेलेला माणूस चालतो कसा, हे झोंबीच्या सिनेमातलं भोक नव्हेच. ते मान्य करूनच आपण तिकीट काढतो. खरं भोक पुढं आहे. चावल्यावर दहा-वीस सेकंदांत माणूस पिसाळतो आणि तरी आठवड्याभरात रोग जगभर. असा माणूस सीबीएसवर, म्हणजे आमच्या मध्यवर्ती एसटी स्टँडवर, निपाणीच्या गाडीत बसला तर गाडी कागलच्या पुढं जायची नाही. रोग पसरतो तो अजून धडधाकट दिसणाऱ्या, तिकीट काढून शेजारी बसणाऱ्या माणसामुळं. रेबीजमध्ये चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुतेक वेळा दोन-तीन महिने जातात, पण तो माणसाकडून माणसाला जवळजवळ होतच नाही. सिनेमावाले रेबीजचा चावा घेतात आणि फ्लूचा वेग, दोन्ही एकाच पात्रात.

दुसरं भोक पेट्रोलचं. 2019 च्या महापुरात ती नववीत होती. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 च्या वर गेलेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, पंपावर पेट्रोल फक्त ॲम्ब्युलन्स आणि बचावाच्या गाड्यांना. सिनेमात मात्र जग बुडून वर्ष झालं तरी हीरोची गाडी पहिल्या चावीला सुरू. एवढे महिने पडलेलं पेट्रोल खराब होतं, हे आमच्याकडं हेल्पर पोरालाही ठाऊक आहे.

परदेशी प्रवेशाचं काम बघणारा आमचा एजंट म्हणतो, हे काढा, पोरकट वाटतं. त्यानं तयार मजकूर दिलाय: ‘लहानपणापासूनच मला मानवसेवेची आवड…’ पोरगी दोन दिवस त्याच्यावर आणि माझ्यावर धुमसतेय.

पहिला प्रश्न: झोंबी ठेवावेत का?

आता दुसरा. एजंटानं खर्चाचा कागद दिलाय. फी, राहणं-खाणं, विमान, आणि तळाला ‘इतर किरकोळ: 50,000’. मी आयुष्यभर कोटेशन देत आलोय. ‘किरकोळ’ कुठं आणि कशासाठी लिहितात, हे मला शिकवायला नको. कन्येनं कागद पाहिला आणि म्हणाली, “बाबा, ह्या सिनेमात कोण आजारीच पडत नाही.”

म्हणून रात्री बसून तिथल्या सरकारच्या साइटवर शोधलं. व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरायचा असतो, विद्यार्थ्याला वर्षाला 776 पौंड. कोर्स वर्षाचा असला तरी व्हिसा पुढं काही महिने चालतो, म्हणून दीड वर्षाचे लागतात: 1,164. पौंड 120 नं धरला तर 1,39,680 रुपये. म्हणजे एका ओळीतच त्याचं ‘किरकोळ’ जवळपास तीनदा संपलं.

शिवाय फी सोडून राहण्याखाण्याचे पैसे खात्यात दाखवायचे. लंडनबाहेर महिन्याला 1,171 पौंड, नऊ महिन्यांचे 10,539. सलग 28 दिवस हलवायचे नाहीत. यावर एजंट म्हणाला, “दाखवायला लागतात फक्त, आम्ही मॅनेज करतो.” तिथंच माझ्या पोटात गोळा आला.

आणखी काय सुटलंय, जाणकारांनी सांगा. बँक तारण मागतेय. गाळा ठेवावा की शिरोळकडची वीस गुंठे ऊसजमीन, हेही.

प्रतिसाद

माळावरचा_वारा: काका, झोंबी ठेवा, पण चार ओळीत. 2009 मध्ये कॅनडात ओटावाच्या गणितज्ञांनी झोंबीच्या साथीचं गणित मांडून रीतसर प्रसिद्ध केलं होतं. 2011 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं झोंबी आले तर काय साठवावं असं लिहून लोकांना पाणी-औषधांची तयारी करायला लावली. तेव्हा विषय पोरकट नाही. मात्र पाचव्या ओळीपासून तिनं प्रयोगशाळेत स्वतः काय केलं ते यायला हवं. मानवसेवेची आवड असलेले अर्ज तिथं पोत्यानं येत असतील.

हिशेबनीस_गडहिंग्लज: ‘मॅनेज’ म्हणजे चार दिवसांसाठी दुसऱ्याचे पैसे खात्यात किंवा खोटा कागद. त्या वाटेला अजिबात जाऊ नका. खोटेपणा सापडला तर दहा वर्षं तिकडची दारं बंद होऊ शकतात, आणि ती एजंटाला नाही, तुमच्या मुलीला.
सुटलेलं सांगतो. क्षयरोगाची तपासणी, विद्यापीठाचं पत्र यायच्या आधी भरायचं डिपॉझिट, खोलीचं डिपॉझिट. कागदात ‘पार्ट टाइममधून खर्च निघतो’ असं असेल तर ते खोडा. सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं, आणि ते मिळेलच असं नाही. शिक्षणानंतर दोन वर्षं राहता येतं, पण 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना 18 महिनेच. हप्ते कधी सुरू होतात ते याच्याशी जुळवून बघा. हप्त्यांना सुट्टी असते त्या काळातही व्याज चढतच असतं.
बँकेच्या शैक्षणिक कर्जातून फी पाठवली तर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक कापते तो कर, लागत नाही. सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांच्या वर तारण लागतंच.

रंकाळ्याची_पायरी: उत्तर नाही, वाचत बसलोय. कागलची गाडी मात्र काढू नका!

धाकटी_पाती: जर्मनी बघितली का? बऱ्याच सरकारी विद्यापीठांत फी नाही, सत्राचं थोडं शुल्क असतं. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र बाहेरच्यांना सत्राला 1,500 युरो. तिथं वर्षाचे 11,904 युरो गोठवलेल्या खात्यात ठेवायचे, तिथं पोचल्यावर महिन्याला 992 आपलेच आपल्याला मिळतात. आधी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासून दिलेला दाखला, करावं लागतं. मी दोन वर्षं काढली. वर्ग इंग्रजीत होता, पण घरमालकीण जर्मनमध्येच ओरडायची.

शाहूपुरीकर: शिष्यवृत्त्या बघितल्याशिवाय गाळ्याला हात लावू नका. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी मुलांना सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची. दोन्हीकडं विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची आणि उत्पन्नाची अट असते. एजंट बहुतेक वेळा त्या क्रमवारीबाहेरची विद्यापीठं गळ्यात मारतात, कारण कमिशन तिथून येतं. एजंटाची यादी आधी त्या क्रमवारीशी ताडून बघा. चिव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला नोकरीचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, ते आत्ता सोडा.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. काल एजंटाला फोन करून ‘किरकोळ’ची फोड लेखी मागितली. “पाठवतो” म्हणाला. त्यानंतर तीन वेळा लावला, उचललेला नाही.
त्यानं दिलेल्या पाचपैकी चार विद्यापीठं क्रमवारीत बसत नाहीत. शाहूपुरीकर, तुमचे खास आभार. कन्येनं निबंध कापला. पेट्रोल गेलं, पूर गेला, कागलची गाडी राहिली. जर्मनीचं नाव काढल्यावर ‘भाषा कोण शिकणार’ म्हणाली, पण रात्री मोबाइलवर आकडे मोजताना ऐकू आली: आइन्स, त्स्वाय, द्राय.
गाळा की ऊस, यावर अजून कुणी बोललं नाही. दोन्हीला मंडळी नको म्हणते.