पद्मिनीचा पत्रा सडलाय, पॅच मारू की पूर्ण कापून काढू?

खारेवारे_रत्नागिरी

नमस्कार मंडळी. घरी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, बाबांनी नवी घेतलेली, दुसऱ्या कोणाच्या नावावर कधी गेलीच नाही. बाबा गेल्यापासून पाच वर्षं शेडखाली उभी होती आणि समुद्र आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर, म्हणजे काय झालं असेल ते कळलंच असेल तुम्हाला. मार्चमध्ये कार्बोरेटर साफ करून घेतला, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम बदलला, नवी बॅटरी टाकली आणि तिसऱ्या सेल्फला बया चालू झाली, आई ओटीवरून धावत बाहेर आली आवाज ऐकून. तर इंजिनाचं टेन्शन नाही, बॉडीचं आहे.

मागच्या दोन्ही मडगार्डच्या कडेला रंगाखाली फुगे आलेत. चारही दरवाज्यांच्या खालच्या कडा बिस्किटासारख्या तुटतायत. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं तर खालची जांभ्या दगडाची फरशी दिसते. आणि डाव्या बाजूला दरवाज्याखालचा जो लांब पट्टा असतो, गॅरेजवाले रनिंग बोर्ड म्हणतात तो, त्यात स्क्रू ड्रायव्हर टोचून बघितला तर मुठीपर्यंत आत गेला.

२०१६ ला बाबांनी एका गॅरेजमधून डेंटिंग पेंटिंग करून घेतलं होतं, फुगे बरोब्बर त्याच जागी आलेत. आता इथला एक डेंटर म्हणतो घासून रेड ऑक्साइड (तो लाल प्रायमर) मारू, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरू, रंग मारू, अठरा हजार आणि आठ दिवस. दुसरा म्हणतो सगळं कापावं लागेल, दोन महिने तरी धरा, आकडा सांगतच नाही. कोणाचं ऐकू? फायबर चालतं का? जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा लावला तर परत गंजणार नाही ना? घरी गेटसाठी घेतलेलं साधं आर्क वेल्डिंगचं मशीन आहे, त्यावर मी स्वतः काही करू शकतो का? पाऊस महिन्यावर आलाय.

पत्रामास्तर

अठरा हजारवाल्याला आधी चहा पाजून घरी पाठव. २०१६ ला तुमच्या वडिलांनाही असाच कोणीतरी भेटला असणार.

फुगा बाहेरून दिसतो पण गंज आतून येतो हे लक्षात घे. मडगार्डच्या आतल्या कडेला चिखल साठतो, तो ओला राहतो, त्यात तुमचं खारं वारं, आणि पत्रा आतल्या बाजूने खाल्ला जातो. बाहेर रंगाखाली फुगा येईपर्यंत आत कागदच उरलेला असतो. त्यावर लांबी भरली की ती लांबी ओल धरून ठेवते, दोन पावसाळे निभावतात, तिसऱ्यात परत तेच. फ्रिजवरचं मॅग्नेट पातळ फडक्यात गुंडाळून बॉडीवरून फिरव. जिथे धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. पेन्सिलीने खुणा करत जा, तासाभरात गाडीची खरी पत्रिका हातात येईल.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडी हीच चेसिस. म्हणजे मडगार्डचे फुगे हा दिसण्याचा प्रश्न आणि रनिंग बोर्ड व फ्लोअर हा जिवाचा. पैसे कमी असतील तर मडगार्ड फुगलेलं राहू दे, आधी खालचं कर. आणि मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर जिथे बॉडीला बसतात तिथे हातोडीच्या दांड्याने ठोकून बघ, टणटण वाजलं पाहिजे. भसभस आवाज आला तर गाडी रस्त्यावर काढू नकोस, उगाच आईला घेऊन गणपतीपुळ्याला वगैरे जाशील.

आता रनिंग बोर्ड. हा नुसता पट्टा नाही, आत बाहेर दोन पत्र्यांची पेटी आहे आणि गाडीची कंबर तिच्यावर तोलली जाते. कापण्याआधी चारही दरवाज्यांच्या फटी मोजून कागदावर लिही. मग दरवाजे उतरवून चौकटीत लोखंडी अँगल आडवा वेल्डचे टाके मारून घट्ट करून घे आणि मगच ग्राइंडर लाव, एका वेळी एकच बाजू. गाडी मधोमध जॅकवर उचलून कापलंस तर कमरेत वाकेल आणि नवा पत्रा वाकलेल्या मापाला वेल्ड होईल. मग आयुष्यभर दरवाजा उचलून लावत बस. चाकांवर नाहीतर अॅक्सलखाली घोडे (लोखंडी स्टँड) लावून काम करायचं.

कापताना गंजाच्या दोन इंच पुढे, पत्रा चकचकीत दिसेपर्यंत जा. इथे सगळे कंजूषपणा करतात. पॅचचे कोपरे गोल ठेव. मापाला जुन्या लग्नपत्रिका वापर, तो कागद बरोबर जाडीचा असतो, वळवला की वळलेला राहतो, मी पंचवीस वर्षं तेच करत आलोय. बाहेरच्या कातडीला वीस गेजचा सीआर (साधा, जस्त नसलेला) पत्रा, रनिंग बोर्ड आणि फ्लोअरला अठरा गेज. जीआयच्या नादी लागू नकोस, वेल्ड करताना जस्ताचा धूर होतो, संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. आणि वेल्डच्या जागचं जस्त तर जळूनच जातं, मग गंज तिथूनच सुरू.

तुझं आर्क मशीन गेटलाच ठेव. वीस गेज म्हणजे एक मिलिमीटरही जाडी नाही, रुपयाएवढं भोक बुजवायला जाशील आणि ताटाएवढं करून बसशील. सीओटू वेल्डिंगवाला शोध (गॅसच्या झोतात वायर वितळवत वेल्ड करतात ते), पातळ वायरवाला, पॉइंट आठ मिलिमीटरची किंवा त्याहून बारीक. टाका इथे, मग वीतभर लांब, मग परत मध्ये, असं थंड होऊ देत देत भरायचं. सलग ओढलं की पत्रा पापडासारखा उठतो.

भावा_बोनेट_उघड (कोल्हापूर)

मास्तर एक नंबर. माझी पण थोडी भर घाला.

भावा, बिजागऱ्या, बंपरचे ब्रॅकेट, बॅटरीचा ट्रे, जॅकचा दांडा असलं जे जे सुटतंय ते घासत बसू नको, मळीत टाक. आमच्याकडं साखर कारखान्याची मळी ओळखीनं मिळती, तुमच्याकडं काय मिळायची नाही बहुतेक, काकवी महाग पडंल, पण गुरांच्या खाद्याच्या दुकानात विचार. एक भाग मळी नि नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात, आठ ते पंधरा दिवस. गंज सगळा सुटून खाली बसतोय आणि चांगलं लोखंड हाय तसं राहतंय. फक्त अॅल्युमिनियमचं काही टाकू नको, ते खाऊन टाकतंय, माझा एक हँडल असाच गेला. आणि पिंप घरापासून लांब ठेव, वास असा सुटतोय की बायको माहेरी जायाची. बाहेर काढलं की धुवायचं, वाळवायचं, लगेच प्रायमर. अर्धा तास जरी गप्पा मारत बसला तरी पिवळं पडतंय.

रेझिन_राजा

सगळे कापाकापीच का सुचवताय कळत नाही. मी माझ्या गाडीच्या फ्लोअरला फायबर मॅट आणि रेझिन लावून चार वर्षं झाली, थेंब पाणी येत नाही आत. खर्च तीन हजार. प्रत्येकाला सीओटू वेल्डिंग परवडत नाही.

पत्रामास्तर

@रेझिन_राजा पाणी येत नाही हे मान्य, पण ताकद कुठून येणार? फायबर गंजलेल्या पत्र्याला चिकटतं आणि तो पत्रा खाली सडत राहतो, फक्त तुम्हाला दिसायचा बंद होतो. डिकीच्या कोपऱ्यात, जिथे नुसतं स्पेअर व्हीलचं पाणी अडवायचंय, तिथे करा, माझं काही म्हणणं नाही. पण सीटचे बोल्ट ज्या फ्लोअरला आहेत तिथे नको. चार वर्षं झालीत ना, एकदा खालून टोचून बघा आणि इथे लिहा.

काळीपिवळी

आमच्या घरात दोन पिढ्या टॅक्सी, दोन्ही पद्मिनी. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झालेली आणि वीस वर्षांचा नियम, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. आमची त्याच्या कितीतरी आधी भंगारात गेली, वडील दोन दिवस जेवले नव्हते, असो.

सांगायचा मुद्दा, पत्रा सगळा हाताने बनवायच्या भानगडीत पडू नका. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एक चक्कर मारा, भंगारातल्या गाड्यांचे दरवाजे, बोनेट, मडगार्ड अजून मिळून जातात, नशीब लागतं फक्त. गंमत बघा, या गाड्या कुर्ल्याच्याच कारखान्यात बनल्या आणि तुकडे होऊन परत कुर्ल्यालाच विकल्या जातात. दरवाजा घेताना रंग बघू नका, उलटा करून खालची कड बघा. नि टॅक्सीचा घेणार असाल तर बिजागरीच्या जागी चिरा गेल्यात का बघा, दिवसातून शंभर वेळा उघडझाप झालेली असते.

दरवाजे सडायचं कारण म्हणजे खालच्या कडेची छोटी भोकं बुजलेली असतात. काचेच्या रबरातून पाणी आत जाणारच, ते बाहेर पडायला ती भोकं ठेवलेली असतात आणि रंगवाला हटकून त्यात लांबी भरून ठेवतो. आमचे वडील दर पावसाळ्याआधी खराट्याची काडी घालून मोकळी करायचे, सतरा वर्षं ओरिजिनल दरवाजे टिकले.

अजून एक, चेसिस नंबर जिथे पंच केलाय त्या पत्र्याला हात लावू नका, कितीही गंज असू दे. नंबर गेला तर आरटीओत पासिंगच्या वेळी काय उत्तर देणार?

मिडलँड्सचा_मराठी

इंग्लंडमधून लिहितोय, इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे गंज हा आमचाही राष्ट्रीय विषय आहे 😀 माझ्याकडे जुनी मॉरिस मायनर आहे. इथली वार्षिक तपासणी असते त्यात सीटबेल्ट, सस्पेन्शन, स्टीअरिंग यांच्या जोडणीपासून ३० सेंटिमीटरच्या आत जोराचा गंज दिसला तर गाडी नापास, आणि त्या भागातला पॅच कडेनं सलग वेल्ड लागतो, नुसते टाके किंवा रिव्हेट चालत नाहीत. २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना ही तपासणी सक्तीची नाही, पण मी तरी ते ३० सेंटिमीटरचं माप सोडलं नाही. तुम्ही पण खडूने तेवढे गोल काढा गाडीखाली, कुठे आधी खर्च करायचा ते आपोआप ठरतं.

वेल्डिंग झाल्यावर पेटीच्या आत काय करताय ते कोणी लिहिलं नाही वर. बाहेरून कितीही रंग मारा, आतल्या बाजूला वेल्डच्या उष्णतेने सगळं जळलेलं असतं. लांब नळीच्या फवाऱ्याने आत मेण मारायचं, कॅव्हिटी वॅक्स मिळतं, आणि हे सगळं रंगकाम संपल्यावर, नाहीतर मेणावर रंग बसणार नाही.

भावा_बोनेट_उघड (कोल्हापूर)

मेण कशाला, जुनं इंजिन ऑइल पिचकारीनं आत मारतोय आम्ही. फुकटात काम.

मिडलँड्सचा_मराठी

चालतं, नाही म्हणत नाही, पण वर्षभर अंगणात डाग आणि पुढच्या वेळी वेल्डिंगला गेलात की पेटीतून ज्वाळा.

खारेवारे_रत्नागिरी

सगळ्यांचे मनापासून आभार, आणि उशीर झाला त्याबद्दल सॉरी, मध्ये हापूसच्या पेट्या पाठवायची गडबड होती. मॅग्नेटची ट्रिक केली. डाव्या मागच्या मडगार्डवर माझ्या पंजापेक्षा मोठ्या जागेत मॅग्नेट धरतच नाही. मग धीर करून डावा रनिंग बोर्ड वीतभर उघडला. आत काय निघालं असेल? वर्तमानपत्र. गोळे करून ठासलेलं, वर एम-सील, वर लांबी, वर रंग. एका गोळ्यावर २०१६ ची तारीख वाचता येत होती आणि सोन्याचा भाव. आईला दाखवलं तर म्हणाली तेव्हा तुझे बाबा त्या गॅरेजवाल्याला पेटीभर आंबेही देऊन आले होते.

हँगरच्या जागा ठोकून बघितल्या, उजवीकडे टणटण आहे, डावीकडे मधलाच आवाज येतोय, नक्की कळत नाही. चिपळूणला एक सीओटूवाला मिळालाय, बसच्या बॉड्यांचं काम करतो, त्याने गाडी न बघताच विचारलं की आधी अँगल लावणार ना, तेव्हा जरा बरं वाटलं. पण तो म्हणतो पावसात रंगाचं काम घेणार नाही. मग वेल्डिंग आत्ता करून रेड ऑक्साइडवर चार महिने ठेवली तर चालेल का?

पत्रामास्तर

अँगल विचारला ना, मग डोळे मिटून त्याच्याकडे दे. रंगाचं तो बरोबरच बोलतोय. पण नुसत्या रेड ऑक्साइडवर कोकणातला पावसाळा काढू नकोस, ते पाणी शोषतं, दसऱ्याला खालून परत पिवळं निघेल. दोन भाग मिसळायचा इपॉक्सी प्रायमर येतो तो मार, सगळ्या सांध्यांना सीलंट भर आणि गाडी बंद जागेत ठेव. आठवड्याला खिडक्या उघडून वारा लागू दे, प्लास्टिकचं कव्हर अजिबात घालू नकोस. आणि वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी उतरव, बॅटरीची वायर काढ, फ्लोअरवरचं डांबरी अस्तर खरवडून टाक, ते खालून पेट घेतं आणि आत बसलेल्याला कळत नाही. पाण्याची बादली आणि ओलं पोतं जवळ असू दे.

डाव्या हँगरचा मधला आवाज म्हणजे वर जाड डांबर थापलेलं असणार. खरवड आणि फोटो टाक.

खारेवारे_रत्नागिरी

खरवडलं. डांबराखाली अजून एक पेपर आहे.